चौदावी सायकल

"सायकल घेऊन रत्नागिरीला? का, एस. टी. बंद पडल्या की काय?"

आमच्या बेताला घरातून मिळालेला हा पहिला आशीर्वाद! चहाचा कप माझ्यापुढे ठेवून सौभाग्यवती आत गेल्या आणि उरलेला आशीर्वाद त्यांनी पोळपाट-लाटण्याच्या आवाजातून पुरा केला. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने अर्धी चड्डी घालून पहाटे रस्त्यावर हिंडावे हे त्यांना अजून पटलेले नाही. माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटला तर त्या सरळ 'टोपलं' म्हणतात.

बेत मात्र झकास होता. ठिकठिकाणच्या सायकल-मंडळांनी आपापल्या गावाहून सायकलीने निघावे, डिसेंबर २०२४ मधल्या एका शनिवारी संध्याकाळपर्यंत रत्नागिरीला जमावे, रविवारी सर्वांनी मिळून समुद्राच्या काठाने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यावे, आणि सोमवारी पावसला जाऊन पांगावे. आम्ही कोल्हापूरकर. आम्हाला रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. शुक्रवारी निघून आंब्याला मुक्काम करायचा आणि शनिवारी घाट उतरून समुद्र गाठायचा, असे ठरले. आमची संख्या चौदा. एक बालरोगतज्ज्ञ बाई, दोन प्राध्यापक, एक फौंड्रीवाले, बँकेतले तिघे, इंजिनियरिंगचे पाच विद्यार्थी (त्यात दोन मुली), मी आणि अण्णा.

अण्णा म्हणजे बहात्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. सायकल काळी, चोवीस इंची, बिनगिअरची. ब्रेक दांड्यांचे, मागे कॅरिअर, पुढे वाटीएवढी घंटा. पहिल्या पगारातून १९७४ साली घेतलेली. पूर्वी सायकलीवर कर होता आणि तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. तो बिल्लासुद्धा अण्णांनी हॅन्डलखाली जपून ठेवलेला आहे. आमच्यातल्या पोरांच्या सायकलींची किंमत ऐकून अण्णा एकदा म्हणाले होते, "एवढ्यात मी घराचा पाया घातला!"

आमच्या मंडळाला छापील घटना नाही, पण दोन नियम आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाचे ब्रेक, दिवा आणि घंटा तपासली जाते, हा एक. आणि दुसरा असा की, तांड्याचा वेग शेवटच्या माणसाचा. पुढे म्होरक्या असतो, मागे 'शेपूट' असते. शेपटाने कोणत्याही कारणाने कोणालाही मागे टाकायचे नाही. कोणी थांबला तर थांबायचे, पडला तर उचलायचे, सायकल हातात धरून चालू लागला तर आपणही चालायचे. पंप, जादा ट्यूब, सोल्यूशन, मलमपट्टी, केळी हे सारे त्याच्या पिशवीत. थांब्यावर शेपूट पोचले की मोजणी होते, आणि मोजणी झाल्याशिवाय चहा सांगायचा नाही.

या खेपेला म्होरक्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांनी शेपूट मला केले.

खरे सांगतो, मला ते लागले. त्याच वर्षी मी २०० किलोमीटरची दौड पुरी केली होती. या दौडीला साडेतेरा तासांची मुदत असते. मी दीड तास राखून पोचलो होतो. ही गोष्ट मी तेव्हापासून बऱ्याच जणांना बऱ्याच वेळा सांगितली आहे. अशा माणसाला अण्णांच्या मडगार्डाकडे पाहत चार दिवस काढायला लावायचे!

शुक्रवारी पहाटे शिवाजी पूल ओलांडला तेव्हा पंचगंगेवर धुके होते. गुऱ्हाळांचे दिवस. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, आणि हवेत काहिलीतल्या रसाचा वास. वाघबिळाच्या चढाला पोरे भराभर वर गेली. अण्णा सीटवरून उठून उभ्याने पायडल मारीत होते आणि मी मागे, सर्वांत हलक्या गिअरमध्ये, तोल सांभाळीत. फार सावकाश सायकल चालवणे हे जोरात चालवण्याहून अवघड असते, हे मला त्या चढावर कळले. पुढे बांबवडे, मलकापूर. याच डोंगरांतून १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे शिवाजी महाराजांची पालखी रात्रीच्या पावसात पळाली होती. आणि आम्ही डांबरी रस्त्यावर, हिवाळ्यात, दर दीड तासाने चहा घेऊन, "चढ फार आहे बुवा" म्हणत होतो. प्राध्यापकांपैकी एकाने हे बोलून दाखवले, तेव्हा तासभर कोणी तक्रार केली नाही.

दुपारी तीनच्या सुमारास आंबा आले. रात्री थंडी चांगलीच पडली. जेवणानंतर डॉक्टरीणबाईंनी घाटाबद्दल सांगितले. घाट चढताना घाम गाळून माणूस जी उंची कमावतो ती उतरताना ब्रेकमध्ये खर्च होते, आणि तिची सारी उष्णता होते. म्हणून ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वेग वळणात शिरण्याआधी कमी करायचा, वळणात नव्हे. पुढचा ब्रेक एकटा कधीही नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या. "अण्णांच्या रिमा पोलादी आहेत. सकाळी दव असणार. ओल्या पोलादावर ब्रेकरबर धरत नाही. वरची उभी वळणं त्यांनी चालत उतरायची, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर."

मी मान हलवली.

सकाळी सात वाजता निघालो तेव्हा धुके एवढे की पुढच्याचा तांबडा दिवा तेवढा दिसावा. घाटाच्या तोंडाशी मात्र ते एकाएकी फाटले, आणि खाली सारे कोकण उघडले. डोंगरामागून डोंगर, प्रत्येक आधीच्याहून फिका. माझ्यापुढचे बारा जण एकामागून एक वळणाआड गेले. त्यांच्या चाकांचा तो रातकिड्यासारखा आवाज ऐकला, आणि माझे पाय शिवशिवू लागले. अण्णा उतरून मफलर नीट गुंडाळीत होते. मी क्षणभर थांबलो. 'हे चालत येणार; मी दोन वळणे पुढे जाऊन थांबतो,' असे मनाशी म्हणालो, आणि सायकल सोडली.

दोन वळणांनंतर मी थांबलो नाही. कारण विचाराल तर एकच: फार मजा येत होती. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, कठड्यावरची माकडे नुसती मागे पडताहेत! जो माणूस चढात तासन्तास कण्हला आहे त्यालाच उताराची ही चैन कळते. तांडा मी पायथ्याच्या अलीकडेच गाठला, आणि खालच्या टपरीसमोर सर्वांबरोबर उतरलो.

फौंड्रीवाले मोजू लागले. "तेरा." पुन्हा मोजले. "तेराच."

"अण्णा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मागं आहेत."

"त्यांच्या मागं तुम्ही असायचं होतं ना?"

मी माझ्या पुढच्या चाकाकडे पाहत राहिलो. फोन लावून पाहिले, घाटात लागेनात. पंधरा मिनिटे गेली. टपरीवाल्याने चहा टाकू का म्हणून विचारले, त्याला कोणी उत्तर दिले नाही. मग मी सायकल वळवली आणि घाट पुन्हा चढू लागलो.

हा चढ मी जन्मात विसरणार नाही. दम लागल्याचेसुद्धा भान नव्हते. प्रत्येक वळणावर मी आधी दरीकडच्या बाजूला पाहत होतो. कठड्यावर ओरखडा आहे का? खालची झुडपे मोडलीत का? एका ठिकाणी खाली काहीतरी चकाकले, तिथे मी सायकल टाकून कठड्यावरून वाकून पाहिले. बाटली होती. शेवटी वरून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने वेग कमी करून काच खाली घेतली आणि ओरडून सांगितले, "तुमचं म्हातारबा हाय काय? बसल्यात वर. पाणी दिलंय!"

अण्णा डोंगराच्या बाजूला एका दगडावर बसले होते. उजव्या तळहाताची साल गेलेली, गुडघ्यावर विजार फाटलेली. काळी सायकल चरात आडवी. पुढचे चाक पार वाकडे झालेले.

"कशाला आलास रे परत एवढा चढून?" ते म्हणाले.

मग सांगितले. पहिली दोन वळणे ते चालत आले. मागे पाहिले, पुढे पाहिले; कोणी नाही. सारे खाली खोळंबतील म्हणून सायकलीवर बसले. रिमा ओल्या होत्या. दोन्ही ब्रेक आवळले तरी वेग वाढतच गेला. "पुढच्या वळणाला दरी होती. त्याच्या आधी डाव्या हाताला डोंगर होता आणि हा चर होता. म्हटलं, घालायची तर इथंच." शाळेत गणिताची रीत सांगावी तसे त्यांनी हे सांगितले. मी त्यांचा हात धुतला, पट्टी बांधली. माझेच हात थरथरत होते. पट्टी सैल झाली. त्यांनी दाताने धरून स्वतःच गाठ आवळली.

उरलेला घाट आम्ही चालत उतरलो. वाकडे चाक रुतत होते म्हणून त्यांच्या सायकलीचे पुढचे अंग उचलून मी चाललो, आणि माझी सायकल त्यांनी धरली. बोललो असे काही नाही. पायथ्याशी सारे धावत आले. कोणी काही विचारण्याच्या आत अण्णा म्हणाले, "मीच म्हटलं याला, तू हो पुढं. माझीच चूक."

ते त्यांनी म्हटले नव्हते. मी मात्र गप्प राहिलो.

सामानाचा टेंपो बरोबर होता. इतक्या वर्षांत अण्णा टेंपोत कधी बसले नव्हते. पावसात नाही, तापात नाही. त्या दिवशी पुढचे चाक काढून, ते मांडीवर घेऊन, नातवंड घेऊन बसावे तसे ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि काच वर केली.

कोकणात उतरलो की पुढे समुद्रापर्यंत सपाट, अशी आम्हा घाटावरच्यांची एक भाबडी समजूत असते. साखरपा, नाणीज, पाली... प्रत्येक गाव चढाच्या माथ्यावर नाहीतर उताराच्या तळाशी! चौपदरी रस्त्याचे काम चालू होते, तांबडी धूळ. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला तोवर दुपार झाली होती आणि समोरून खारा वारा सुटला होता. या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ऊन चढले की समुद्राकडून जमिनीकडे. तेव्हा किनारा दुपारनंतर गाठणाऱ्याला तो नेमका तोंडावर येतो. अशा वेळी एकामागे एक ओळीने जायचे. पुढचा वारा फोडतो, मागच्याला आडोसा मिळतो. जोरात जाणाऱ्या सायकलस्वाराची या आडोशाने जवळजवळ चौथाई शक्ती वाचते. आमच्या वेगाला तितकी नाही, पण वाचते. पुढचा दमला की बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा पुढे होतो. मी शेवटी होतो. पुढे जाण्याची पाळी मी मागितली नाही.

रत्नागिरीत उतरायची सोय एका कार्यालयात होती. अंगणात भिंतीला टेकून सायकलीच सायकली. रत्नागिरीच्या मंडळींनी आगतस्वागत असे केले की, सोलकढीच्या तिसऱ्या वाटीला नको म्हणायची सोय उरली नाही! दापोलीकर सर्वांत सुखी दिसले. ते किनाऱ्याकिनाऱ्याने आले होते. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला, तिथून गुहागरवरून तवसाळ, आणि पुन्हा फेरीबोटीने जयगड. दोनदा सायकलीसकट नावेत बसल्यामुळे त्यांच्या गप्पांना दर्यावर्दींचा डौल चढला होता. पुणेकर मोबाइलवर चढांचे आलेख दाखवीत होते. जेवताना एका सांगलीकराने मला विचारले, "तुम्ही २०० केलीत म्हणे?" एरवी याच प्रश्नाची मी वाट पाहत असतो. "केली," म्हटले आणि भात मागितला.

संध्याकाळी सारे मांडवीला समुद्र पाहायला गेले. मी अण्णांबरोबर बाजारात सायकलवाला शोधीत हिंडलो. दुकान बंद करायच्या बेतात असलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने आमचे चाक पाहिले, हातात घेऊन फिरवले, तोंडाने 'च्च' केले आणि दिवा पुन्हा लावला. तासभर तो एकेक तार सैल करीत, एकेक आवळीत बसला होता. चार तारा नव्या घातल्या. रिम दोन बोटांमध्ये धरून चाक गरगर फिरवले, ते कुठेही घासले नाही. मग ब्रेकरबर पाहून म्हणाला, "रबर नवीनच आहेत. रबरांचा दोष नाय."

"नाहीच," अण्णा म्हणाले.

मी पैसे देऊ लागलो तर अण्णांनी हात धरला. त्यांचा पट्टीचा हात होता, म्हणून मला झटकता आला नाही.

रविवारी पहाटे मी डॉक्टरीणबाईंना गाठून म्हणालो, "आज शेपूट मी राहतो."

"कालही तुम्हीच होता," त्या म्हणाल्या, आणि शिट्टी माझ्या हातात दिली.

रविवारची ती रांग पाहण्यासारखी होती. दीडशेच्या आसपास सायकली. माड, सुरू, तांबडी माती, आणि मधूनच डाव्या हाताला समुद्र. रांगेच्या पुढून शब्द मागे येतात: "खड्डा!", "गाडी!", "वाळू!" प्रत्येक जण तो मागच्याला देतो, आणि शेपटापर्यंत येईतो खड्डा कधीच मागे पडलेला असतो. मागे राहिले की पुष्कळ गोष्टी कळतात. कोणाची चेन कोरडी आहे, कोणाचे गुडघे बाहेर पडताहेत, कोण रागावले आहे, कोणाला घरचा फोन आला आहे. पुढे असणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो.

आरे-वारेला रस्ता समुद्राला लागून जातो आणि मग टेकाडावर चढतो. चढाच्या मध्यावर अण्णा उतरले. मीही उतरलो. आमच्याबरोबर चिपळूणकरांपैकी अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची दमछाक झाली होती, पण तो उतरायला तयार नव्हता. अण्णा त्याला म्हणाले, "उतर रे. चालत चढलेला चढसुद्धा चढच असतो." तिघे चालू लागलो, आणि अण्णांनी त्याला गोष्ट सांगितली. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, मेसोपोटेमियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला परतले तेव्हा त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवली होती. नावे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा.

"ही तर तीनच झाली," मुलगा म्हणाला. "निघाले सहा ना?"

"तिघं वाटेत निरनिराळ्या ठिकाणी थांबले."

"म्हणजे ते हरले?"

"अरे, तू आधी गणपतीपुळ्यापर्यंत तर चल!"

माथ्यावर आलो. दोन्ही अंगांना दोन पुळणी, पांढऱ्याशुभ्र, आणि मध्ये आम्ही उभे असलेले टेकाड समुद्रात घुसलेले. तांड्याची मुंगळ्यांसारखी रांग खाली दूर वळणावर दिसत होती. उतार सुरू होण्याआधी अण्णांनी रिमेला अंगठा लावून पाहिला. कोरडी होती. तरी मी म्हणालो, "चालत उतरू." ते हसले. "आज धरतील. तू मागं आहेस ना?"

त्यांना सायकलीवर बसू दिले, दहा हात अंतर राखले, आणि सबंध उतार मी दोन्ही ब्रेकांवर बोटे ठेवून त्यांच्या मागच्या मडगार्डावर डोळे लावून उतरलो. समुद्र कुठल्या रंगाचा होता ते मला विचारू नका.

गणपतीपुळ्याला दर्शन झाले, मोदक झाले. उत्साही मंडळी शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून आली. दुपारी तोच खारा वारा आम्हाला रत्नागिरीकडे परत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी भाट्याचा पूल ओलांडून पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले, आणि येताना थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. हा वाडा त्याला १९१० साली मिळाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "तीस वर्षांत त्याला परत जाऊ दिलंच नाही?" आम्ही सारे घरी निघण्याच्या घाईत होतो. आपल्याला परत जायचे गाव आहे, हे त्या वाक्यानंतर जरा निराळे वाटले.

सायकली टेंपोत चढवल्या आणि आम्ही कोल्हापूरच्या एस. टी. त बसलो. आंबा घाट चढताना बाहेर काळोख होता. अण्णा खिडकीशी झोपले होते. त्या वळणाशी गाडी आली तेव्हा मी जागा होतो.

पायथ्याशी मी का गप्प राहिलो याला उत्तर नाही. मंडळाच्या बैठका झाल्या, संक्रांतीचा तिळगूळ झाला, पावसाळी फेऱ्या झाल्या. सांगेन सांगेन म्हणता राहून गेले. अण्णांचे ते वाक्य मंडळात खरे म्हणून चालते. ते खरे नाही. त्यांनी मला पुढे जा म्हटले नव्हते. मीच गेलो.

हा लेख छापायला देण्यापूर्वी अण्णांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून, लाल पेन घेऊन, सवयीने पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटचे पान वाचून काहीच बोलले नाहीत. मग दुसऱ्या पानावर परत गेले. तिथे मी त्यांच्या सायकलीला 'जुनी' म्हटले होते. तेवढा एक शब्द खोडला आणि कागद माझ्या हातात दिले.